पोरगी म्हणते ते आधी ऐका

ताई, नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे. पाचवीपासून शाळेच्या खो-खो संघात खेळते. या वर्षी १४ वर्षांखालील मुलींचा आमचा संघ तालुका आणि जिल्हा जिंकून विभागाला गेला आणि तिथे अंतिम सामन्यात एका गुणाने हरला, १२-११. जिंकलो असतो तर राज्याला गेलो असतो. पहिल्या पळतीत आमची तिघींची पहिली तुकडी दीड मिनिटातच बाद झाली होती, पण नंतर पोरींनी सामना ओढून आणला. शेवटच्या पाळीत आमचं आक्रमण होतं, काही सेकंद उरले होते. माझ्या मुलीने पळणारीला बाद केलं, पण पंचांनी त्याआधीच फाउलची शिट्टी मारली. म्हणे खो मिळायच्या आधी ती उठली. माझ्याकडे मोबाइलवर व्हिडिओ आहे, त्यात तसं काही दिसत नाही.

परत येताना गाडीत मी एवढंच म्हणालो, ‘जरा दम धरला असतास तर.’ ती काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, ‘बाबा, मी खरंच आधी उठले होते.’ मला वाटतं, सगळे बोलले म्हणून दबून ती तसं म्हणते. कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर त्या शेवटच्या क्षणाची क्लिप टाकली, खाली लोकांनी नको नको ते लिहिलं. आता तीन आठवडे झाले, ती मैदानावर पाऊल ठेवत नाही. गुडघा दुखतो म्हणते. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला काही झालेलं नाही. जिने तिला खो दिला ती तिची जिवाभावाची मैत्रीण, पण दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. सौ. म्हणते, बरंच झालं, आता अभ्यासाला लागेल. पण जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा विश्वचषक टीव्हीवर पाहिला तेव्हापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शिवाय दहावीचे खेळाचे गुण आहेत, पुढे नोकरीतलं आरक्षण आहे. हे सगळं एका शिट्टीवर सोडायचं का? हार कशी पचवायची हे तिला कसं शिकवू? आणि पंचांविरुद्ध तक्रार करावी का?

— एक पालक, सांगली जिल्हा

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. ‘बाबा, मी खरंच आधी उठले होते.’ तेरा वर्षांची पोर. संघातल्या मुली रडताहेत, ग्रुपवर लोक तोंडाला येईल ते लिहिताहेत, आणि घरी बाप म्हणतोय की पंच चुकले, माझ्याकडे पुरावा आहे. तिला नुसती मान डोलवायची होती. पंचांवर ढकलून मोकळी झाली असती. तसं न करता तिने खरं काय ते सांगितलं. आणि तुम्ही मला विचारताय की हार कशी पचवायची हे तिला कसं शिकवू!

तुम्ही तिचं म्हणणं खोडून काढलंत ते मायेपोटीच, हे मला कळतं. पण त्याचा परिणाम काय झाला बघा. मैदानावर तिचं कुणी ऐकत नव्हतं, शाळेत बोलायची सोय नव्हती. घरी येऊन तिने चूक कबूल केली तर घरच्यांनी तीच खोटी ठरवली. मग बोलायला उरलं काय? गुडघा. डॉक्टरांना गुडघ्यात काही सापडलं नाही म्हणून ती खोटं बोलते असं मात्र मुळीच समजू नका. त्या वयात मन दुखतं तेव्हा मुलं अंगाकडेच बोट दाखवतात, आणि दुखणं त्यांना खरोखर जाणवत असतं.

तेव्हा आधी हे करा. आज-उद्या कधीतरी, ती पुस्तकं भरत असेल किंवा सायकल पुसत असेल तेव्हा, तिच्याजवळ जाऊन म्हणा, ‘तू आधी उठलीस असं म्हणालीस ना, ते मला पटलंय. आणि गाडीत मी जे बोललो ते बोलायला नको होतं.’ एवढंच. पुढे ‘पण’ जोडायचा नाही. ‘हार-जीत चालायचीच’ हे तर अजिबात नको. एका गुणाने राज्य हुकलेल्या मुलीला ते वाक्य ऐकून वाटतं की आपलं दुःख यांना चिल्लर वाटतंय. बोलून झालं की तिथून निघून जा. ती लगेच गळ्यात पडणार नाही, कदाचित ‘हं’ म्हणून वळेल. चालेल.

आता त्या फाउलकडे बघू. शाळेत खेळाच्या तासाला शिट्टी घेऊन उभं राहण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे पत्र वाचताना तो क्षण डोळ्यांसमोर आला. चौकोनात मुलगी उकिडवी बसलेली असते, सगळा भार चवड्यांवर. तिचं तोंड मैदानाच्या एका बाजूला, शेजारच्या दोघींची तोंडं उलट बाजूला. खो देणारी येते ती हिच्या पाठीमागून. ती हिला दिसत नाही. हिला दिसते ती समोरून सटकणारी पळणारी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. कान मागे, डोळे पुढे. नियम सांगतो की पाठीला हात लागणं आणि ‘खो’ म्हणणं एकाच वेळी झालं पाहिजे, आणि तोवर उठायचं नाही. आता घड्याळात काही सेकंद उरलेत. खो देणारी जीव तोडून धावत येते, धापा टाकते, आणि हात पोचायच्या आत तिच्या तोंडून ‘खो’ निघून जातो. बसलेली त्या आवाजावर उठते. हात मागून येतो, कधी पाठीला लागतो, कधी हवेतच राहतो. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक पंच असतो, त्याला मधली ती फट दिसते. तुमच्या मोबाइलला ती दिसणं अवघड, कारण कॅमेरा आणि तुमच्या मुलीची पाठ यांच्यामध्ये बहुतेक वेळा खो देणारीच आलेली असते.

तुमच्या सामन्यात नेमकं असंच झालं असं मी छातीठोकपणे सांगत नाही, मी तिथे नव्हते. पण लवकर उठण्याचे जेवढे फाउल मी पाहिलेत त्यांतले बरेचसे असे दोघींत मिळून झालेले असतात. देणारीचा आवाज हाताच्या आधी आला की घेणारी फसते. लोक मात्र उठली तिलाच धरतात, कारण शिट्टीच्या वेळी उभी तीच असते.

इथेच मला त्या मैत्रिणीची काळजी वाटते. दोघी बोलत नाहीत म्हणजे भांडण झालंय असं तुम्ही गृहीत धरलंत. मला दुसरीच शंका येते. कदाचित त्या पोरीला ठाऊक असेल की आपला खो घाईत निघाला. आपल्या वाटणीचं बोलणं आपली मैत्रीण खातेय, हे ती रोज वर्गात बघत असेल, आणि तिला तोंड वर करून बघवत नसेल. तिच्या घरून मला पत्र आलेलं नाही. तुमच्या सौ.नी एकदा तिच्या आईला फोन करावा. सामन्याबद्दल अवाक्षर न काढता, ‘रविवारी पोरीला आमच्याकडे जेवायला पाठव’ एवढंच म्हणावं. दोघींना समोरासमोर बसवून समेट घडवायच्या फंदात पडू नका. पोरींना एकत्र पोहे दिले की पुढचं त्या बघतात.

आणि पुढे कधी ती मैदानावर गेली तर सरांना एक गोष्ट सुचवा, आदराने, त्यांच्या कामात लुडबुड वाटणार नाही अशी. या दोघींचीच जोडी करून रोज दहा मिनिटं फक्त खो देणं-घेणं करायचं. पळणारी नको, घड्याळ नको. देणारीने कधी खरा खो द्यायचा, कधी नुसती हूल देऊन पुढे निघून जायचं, कधी मुद्दाम आवाज आधी आणि हात नंतर करायचा. घेणारीने फक्त पाठीवर हात आणि आवाज एकत्र आला तरच उठायचं. पहिल्या दिवशी ती कितीदा तरी फसेल. हळूहळू पाठ कानाइतकी शहाणी होते. पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. ज्या गोष्टीने सामना गेला ती गोष्ट हाताने दुरुस्त करता येते, हे तिला एकदा अंगात कळलं की तुमच्या-माझ्या शब्दांची गरज राहणार नाही.

आता त्या एका गुणाचा हिशोब. १२-११ ने हरलात. समजा शिट्टी वाजली नसती आणि ती पळणारी बाद धरली असती, तर काय झालं असतं? १२-१२. बरोबरी! जिंकला नसतात. पुढे जादा डाव, नाहीतर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कमी वेळात कोण बाद करतं ते, आणि त्यात कोण टिकलं असतं ते कुणाला माहीत. ‘हिच्यामुळे राज्य गेलं’ असं ग्रुपवर लिहिणाऱ्या एकाने तरी ही बेरीज केली होती का?

दुसरं तुम्हीच लिहिलंय आणि लिहून पुढे गेलात. पहिली तुकडी दीड मिनिटात बाद. किशोरी गटात पाळी ७ मिनिटांची. तीन मुली दीड मिनिटात गेल्या म्हणजे समोरच्या संघाला उरलेली साडेपाच मिनिटं मोकळं रान मिळालं. त्या तिघींतली एकजण वीस-तीस सेकंद जास्त टिकली असती तर एखादा गुण तिथेच वाचला असता. म्हणून त्या तिघींवर खापर फोडा असं मी म्हणत नाही. दोन डावांच्या चार पाळ्या, मिळून २८ मिनिटं, त्यात जागोजागी एकेक गुण सांडलेला असतो. शेवटचा सांडलेला तेवढा सगळ्यांना दिसतो, कारण त्यानंतर लोक उठून घरी जातात.

म्हणून सरांकडून त्या सामन्याच्या गुणपत्रकाची प्रत किंवा फोटो मिळाला तर बघा. खो-खोच्या गुणपत्रकात कोण किती वेळ पळालं, कोणी किती गडी बाद केले, सगळं असतं. वर्तमानपत्रात खो-खोची बातमी तुम्ही वाचत असाल, नावापुढे कंसात लिहिलेलं असतं, ‘१.४० मि. संरक्षण व ३ गुण’. हा खेळ प्रत्येकीचा हिशोब सेकंदात ठेवतो. तुमच्या मुलीचीही तशी एक ओळ त्या कागदावर आहे. ती दोन्ही पाळ्यांत किती पळाली? किती बाद केल्या? तीन आठवड्यांत तुमच्या घरात ही चौकशी झालीय का? माझा अंदाज आहे, नाही. सगळं घर त्या शेवटच्या आठ-दहा सेकंदांतच राहायला गेलंय.

कागद तिच्यासमोर ठेवून शिकवणी घ्यायची नाही मात्र. टेबलावर राहू द्या. तिला वाटलं तर ती उचलेल आणि कदाचित तुम्हालाच समजावून सांगेल की तिसऱ्या पाळीत काय चुकलं. सांगायला लागली तर मध्ये बोलू नका. तुम्हाला खेळ तिच्याइतका कळत नाही हे मान्य करायला काय हरकत आहे?

तक्रारीचं थोडक्यात सांगते. शालेय स्पर्धेत आक्षेप घ्यायचा तर तो संघाबरोबर गेलेल्या शिक्षकांनी, तिथल्या तिथे, लेखी आणि ठरलेली फी भरून घ्यायचा असतो. पालकांनी तीन आठवड्यांनी व्हिडिओ घेऊन क्रीडा कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यात अर्थ नाही. निकाल बदलणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जी मुलगी म्हणते मी उठले होते, तिच्या नावाने तुम्ही ती उठलीच नव्हती असा अर्ज करणार? उद्या तिला कुणी विचारलं तर तिने काय सांगायचं? पंचांच्या चुका होतात, मोठमोठ्या ठिकाणी होतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण कबड्डीचा अंतिम सामना नियमाच्या वादात अडकून बराच वेळ थांबला होता, आणि तिथे तर जगातले नावाजलेले पंच होते. पंच चुकले तर जरूर भांडावं. इथे मात्र तुमचीच साक्षीदार तुमच्या विरुद्ध आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो.

पुढचं जरा नाजूक आहे, सौ.नासुद्धा वाचायला द्या. ती मैदानावर जात नाही याचं कारण फक्त हार आहे, असं तुम्ही दोघांनी धरून चाललंय. असेलही. पण तेरा-चौदाव्या वर्षी आपल्याकडे मुली मैदानावरून गळायला लागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले. पाचवी-सहावीला धावणाऱ्या पोरींची रांग आठवी-नववीत अर्ध्यावर येते. मासिक पाळी सुरू होते. स्पर्धेच्या गावी स्वच्छतागृह धड नसतं, असलं तर पाणी नसतं. सूर मारताना गणवेश वर जातो आणि कुंपणाला टेकलेली पोरं हसतात. एवढ्या-तेवढ्यावरून डाग पडेल ही धास्ती दिवसभर असते. यातलं काहीही मुलगी बापाला सांगत नाही, आईलाही विचारल्याशिवाय सांगत नाही. अशा वेळी हरलेला सामना हे सांगता येण्याजोगं कारण होतं. तेव्हा आईने सवडीने, दोघीच असताना विचारावं. गडद रंगाची लांब स्लॅक्स गणवेशाच्या आत घालायची परवानगी सरांकडून घेणं, प्रवासात जास्तीचे पॅड सोबत देणं, एवढ्यानेही मुली पुन्हा खेळायला लागलेल्या मी पाहिल्या आहेत. शाळेत बाईमाणूस शिक्षिका असेल तर संघाबरोबर तिने जावं असा आग्रह धरा. त्या आग्रहाचा अर्ज करा खुशाल, तो मला आवडेल.

सौ. म्हणतात अभ्यासाला लागेल. त्यांना मी दोष देत नाही, संध्याकाळी उशिरा धुळीने माखून येणाऱ्या पोरीचे कपडे त्याच धुतात आणि उन्हाळ्यात काळी पडली म्हणून नातेवाइकांचं बोलणंही त्याच ऐकतात. पण या तीन आठवड्यांत ती खरंच अभ्यास करतेय का, हे त्यांना विचारा. मैदान सुटलं की तो वेळ आपोआप पुस्तकाला मिळतो असं सहसा होत नाही. तो मोबाइलला मिळतो.

गुणांचं आणि आरक्षणाचं म्हणाल तर खरं आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या स्तरापर्यंत खेळलं तर किती गुण, याचे नियम ठरलेले आहेत आणि ते वेळोवेळी बदलतात, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नीट चौकशी करा. पण ती तुमच्यापुरती ठेवा. तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर पाच वर्षांनंतरची नोकरी बसवली तर ती खो ऐकणार कशी? प्रमाणपत्रासाठी मैदानावर आणलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. कागद हातात पडला की ती परत दिसत नाहीत. तुमची पोर त्यातली नाही, तिला त्यात ढकलू नका.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आत्ताच माहीत असलेली बरी. १४ वर्षांखालच्या गटातलं तिचं हे बहुधा शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती १७ च्या गटात जाईल आणि तिथे ती सगळ्यात लहान असेल. संघ बारा जणींचा, मैदानात उतरणार नऊ. नववीतली पोर दहावी-अकरावीच्या मुलींपुढे पहिल्या वर्षी राखीव म्हणून बसण्याची शक्यता दाट आहे, कदाचित बारांतही नाव येणार नाही. हे तिच्या त्या फाउलमुळे झालं असं तिला वाटेल, आणि तुम्हालाही वाटेल. तसं नसेल. त्या गटात पहिलं वर्ष बहुतेकींचं असंच जातं, बाहेर बसून मोठ्या मुली साखळीत कशा पळतात, खांबावर कसं वळतात ते बघण्यात. तेव्हा ‘आमच्या पोरीवर डूख धरला’ म्हणून सरांकडे जाऊ नका.

विश्वचषकाचं लिहिलंत. त्या संघांच्या दोन्ही कर्णधारपदांवर आपलीच मुलं होती, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, त्यामुळे घरोघरी पोरींच्या डोळ्यांत तेच स्वप्न आलं हे साहजिक आहे. पण तिला सांगायचीच असेल तर मी सारिका काळेची गोष्ट सांगेन. धाराशिवची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत, गुवाहाटीला, सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघाची ती कर्णधार, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच २०१६ मध्ये घरच्या आर्थिक ओढाताणीने ती इतकी खचली होती की खेळ सोडायचं ठरवून तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं. तिच्या आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधवांना हे सांगितलं, त्यांनी तिची समजूत घातली, आणि ती मैदानावर परतली. तिचं कारण वेगळं होतं, तुमच्या मुलीचं वेगळं. मला त्यातली आजी महत्त्वाची वाटते. तिने नातीला उपदेश केला नाही, ज्याचं ऐकलं जाईल त्याच्या कानावर घातलं.

तुमच्या घरी हे काम सरांकडून होईल असं मला वाटतं. तीन आठवड्यांत सर एकदाही घरी आले नाहीत, की आले आणि तुम्ही लिहिलं नाहीत? आले नसतील तर तुम्ही जा. ‘तिला परत आणा’ असं म्हणू नका. ‘ती म्हणते मी आधी उठले होते, आणि ते तिला लागलंय,’ एवढं सांगा. चांगला शिक्षक असेल तर त्याला पुढचं कळेल. एखाद्या संध्याकाळी तो तिला बोलावून घेईल, खेळायला नव्हे, पाचवी-सहावीच्या पोरींना चौकोनात नीट बसायला शिकवायला. लहान मुलींना शिकवताना मोठ्यांचं दुखणं बरंच उतरतं, हा माझा अनुभव आहे. तिने त्यालाही नकार दिला तर थांबा. महिनाभर, दोन महिने. रोज विचारू नका. नुसतं धावायला, सायकलला, तुमच्याबरोबर पहाटे फिरायला येत असेल तर तेवढं पुरे. खो-खो सोडून ती उद्या लांब उडीकडे वळली तरी आकाश कोसळणार नाही.

एवढं मात्र लक्ष ठेवा. जेवण तुटलंय का, रात्री झोप लागत नाहीये का, शाळाच नको म्हणते का, किंवा ‘मी नसतेच तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलते का. यातलं काही दिसलं तर खेळाचा विषय बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

राहता राहिली ती क्लिप. सगळ्यात आधी करायचं आणि सगळ्यात सोपं काम हेच, आणि पत्रात तुम्ही त्यावर काही केल्याचं लिहिलेलं नाही. ग्रुपवर वाद घालत बसू नका, तिथे शंभर शहाणे जमतील. ज्याने टाकली त्या पालकाला थेट फोन लावा. ‘यात तुमची पण मुलगी आहे, माझी पण आहे, दोघी तेरा वर्षांच्या आहेत, काढून टाका,’ म्हणा. न ऐकल्यास मुख्याध्यापकांना सांगा, अल्पवयीन मुलींचे व्हिडिओ असे फिरवायचे नाहीत अशी ताकीद शाळेने सगळ्या पालकांना द्यावी. आणि तुमच्या मोबाइलमध्ये जो आहे, जो तुम्ही थांबवून थांबवून बघता, तो सरांना हवा असेल तर त्यांना पाठवून तुमच्याकडचा पुसून टाका. तिच्यासमोर पुन्हा लावू नका.